सेकंड हँड गाडी घेताना किती किलोमीटर चाललेली चालेल?

जुनी गाडी बघायला गेलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "भाई, रनिंग किती आहे?" समोरून येणारं उत्तरही बहुतेक ठरलेलंच असतं, "फक्त पस्तीस हजार. डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच फिरलेली. गाडीत एक रुपयाचं काम नाही."

पस्तीस हजार ऐकलं की आपण खूश होतो. पंच्याऐंशी हजार ऐकलं की पाय मागे घेतो. पण नुसत्या मीटरच्या आकड्यावर गाडी चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. पंच्याऐंशी हजार चाललेली गाडी पस्तीस हजारवालीपेक्षा चांगली निघू शकते, आणि तो पस्तीस हजारांचा आकडा मुळात खराच नसेल, असंही होऊ शकतं.

आपल्या बऱ्याच घरांत गाडी ही हौसेपेक्षा गरज म्हणून येते. अब्बांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं असतं, गावी लग्नकार्याला सगळ्यांना घेऊन जायचं असतं, दुकानाचा थोडाफार माल आणायचा असतो. अनेक कुटुंबं व्याजाचं कर्ज नको म्हणून नवी गाडी टाळतात आणि साठवलेल्या तीन-चार लाखांत जुनी गाडी एकरकमी घेतात. कोणाच्या भावाने गल्फमधून पाठवलेले पैसे असतात, कोणी भिशी उचललेली असते. असा पैसा एकदा चुकीच्या गाडीत अडकला की तो पुन्हा उभा करायला वर्षं जातात. म्हणून किलोमीटरचा हा हिशोब नीट समजून घेऊया.

आणखी एक. आपल्याकडे "मायलेज" म्हटलं की गाडी लिटरमागे किती चालते, म्हणजे अ‍ॅव्हरेज, असा अर्थ होतो. इथे विषय आहे तो गाडी आजवर एकूण किती फिरली याचा.

थोडक्यात उत्तर

खासगी वापरातली गाडी वर्षाला साधारण १०,००० ते १५,००० किमी चालते. डिझेल गाडी घेणारा माणूस सहसा जास्त फिरणारा असतो, त्यामुळे तिचे वर्षाला १५,००० ते २०,००० किमी झाले तरी ते नेहमीचंच मानलं जातं. गाडीचं वय घ्या आणि मीटरच्या आकड्याला त्याने भागा. पाच वर्षांच्या पेट्रोल गाडीवर ५०,००० ते ७५,००० किमी असतील तर गाडी सर्वसाधारण आहे. लाखाच्या वर असतील तर ती जास्त वापरली गेली आहे, भाव तसा कमी असायला हवा. वीस हजारच असतील तर आधी आनंद नको, आधी कारण विचारा.

बाजारात चालणारं ढोबळ माप असं:

पेट्रोल: ५०,००० किमीपर्यंत निर्धास्त बघावी. ५०,००० ते ८०,००० मध्ये किमतीच्या मानाने सगळ्यात चांगला सौदा मिळतो, कारण गाडीची किंमत बरीच उतरलेली असते आणि इंजिनमध्ये भरपूर दम असतो. ८०,००० ते १,२०,००० मध्ये घ्यायची तर सर्व्हिसची पूर्ण नोंद हवी आणि मिस्त्रीची तपासणी हवीच.

डिझेल: ८०,००० पर्यंत चांगली. १,२०,००० पर्यंत नोंदी बघून घ्यावी. दीड लाखाच्या पुढे इंजिन चालू राहील, पण इंजेक्टर, टर्बो, क्लच असे मोठे खर्च कधीही अंगावर येऊ शकतात.

सीएनजी: किलोमीटरचं माप पेट्रोलसारखंच, पण सीएनजी घेणारा माणूस मुळात जास्त फिरतो, त्यामुळे मीटर जास्तच दिसेल. इथे किलोमीटरइतकंच महत्त्व टाकीला आहे. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. तिचं प्रमाणपत्र बघा. किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का हे बघा. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचे पैसे मिळताना अडचण येते.

इलेक्ट्रिक: इथे इंजिन नाही, खरा खर्च बॅटरीचा आहे. अनेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी देतात. किती वॉरंटी उरली आहे आणि ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे लेखी विचारून घ्या.

नीट तेलपाणी केलेलं आजचं पेट्रोल इंजिन दीड लाख किमी आणि डिझेल इंजिन दोन लाख किमी मोठं काम न निघता जाऊ शकतं. म्हणजे "लाख झाले, गाडी संपली" हा समज आता जुना झाला. मात्र "नीट तेलपाणी केलेलं" ही अट विसरायची नाही.

कोणत्या किलोमीटरला कोणता खर्च येतो

गाडी एका दिवसात म्हातारी होत नाही. तिचे भाग आपापल्या वेळी संपतात. तुम्ही गाडी नेमकी कोणत्या टप्प्यावर विकत घेताय हे कळलं तर पुढच्या दोन वर्षांचा खर्च आधीच दिसतो.

इंजिन ऑइल आणि फिल्टर बहुतेक गाड्यांत दर १०,००० किमी किंवा वर्षातून एकदा बदलायचे असतात. पुढचे ब्रेक पॅड ३०,००० ते ४०,००० किमीच्या आसपास जातात. टायर ४०,००० ते ५०,००० पर्यंत चालतात. बॅटरीचं गणित किलोमीटरपेक्षा वर्षांचं, साधारण तीन ते पाच वर्षं. क्लच प्लेट चालवणाऱ्याच्या पायावर अवलंबून असते. कोणाची ६०,००० ला जाते, कोणाची लाखाच्या पुढेही चालते. शॉकअप, बुश, लोअर आर्म यांची कामं आपल्या रस्त्यांवर ६०,००० ते ८०,००० च्या दरम्यान निघू लागतात.

टायमिंग बेल्टबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. काही गाड्यांत इंजिनच्या आत साखळी असते, काहींत रबरी पट्टा. पट्टा असेल तर तो कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. बऱ्याच गाड्यांत ही मुदत ६०,००० ते १,००,००० किमीच्या आसपास येते. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. म्हणून ९०,००० चाललेली गाडी बघताना "बेल्ट आहे की चेन, बेल्ट असेल तर कधी बदलला, बिल दाखवा" हे विचारायलाच हवं.

यातली गंमत बघा. ५८,००० किमी झालेली गाडी कागदावर ८२,००० वालीपेक्षा तरुण. पण पहिलीचे टायर, क्लच, शॉकअप सगळं अजून मूळचं असेल तर तो सगळा खर्च तुमच्या खिशातून होणार. दुसरीच्या मालकाने हेच सगळं नुकतंच केलं असेल आणि बिलं हातात असतील, तर तो खर्च त्याच्या खिशातून झालेला आहे. म्हणून किंमत ठरवताना मिस्त्रीकडून येत्या वर्षभरात निघणाऱ्या कामांची यादी आणि अंदाजे खर्च घ्या आणि तेवढी रक्कम मागितलेल्या भावातून वजा करून बोला.

सगळे किलोमीटर सारखे नसतात

मीटर फक्त अंतर मोजतो. इंजिन किती तास चाललं ते तो सांगत नाही. भिवंडी, कुर्ला किंवा पुण्याच्या गर्दीत गाडीचा सरासरी वेग ताशी २० किमी धरा. ६०,००० किमी व्हायला इंजिन ३,००० तास चाललं. तेच ६०,००० किमी हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने झाले असतील, तर इंजिन चाललं फक्त १,००० तास. शिवाय शहरात क्लच, ब्रेक, गिअर यांचा वापर सतत. हायवेवर गाडी पाचव्या गिअरमध्ये शांतपणे जात राहते.

म्हणून रोज औरंगाबाद-जालना ये-जा करणाऱ्या माणसाची ९०,००० किमी झालेली गाडी शहरातल्या ५०,००० वालीपेक्षा आतून निरोगी निघू शकते. मालकाला सहज विचारा, "रोजचा रस्ता कोणता होता?" खरं बोलणारा माणूस लगेच सांगतो. एजंटला ते माहीत नसतं.

२०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक बाब. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि थोड्या वेगाने चालावी लागते. नुसती गल्लीबोळात, रोज चार-पाच किमी फिरलेली डिझेल गाडी मीटरवर कितीही तरुण दिसली तरी तिचा हा फिल्टर भरलेला असू शकतो, आणि तो बदलणं स्वस्त नाही. ज्यांचा वापर फक्त शहरात आणि कमी आहे, त्यांनी डिझेलच्या नादी लागू नये.

फार कमी चाललेली गाडी

कोकणात हे चित्र ओळखीचं आहे. घरातला कर्ता माणूस दुबई, कुवेत किंवा सौदीत. गाडी दारात उभी, वर कापड झाकलेलं. साहेब सुट्टीवर आले की महिना-दीड महिना फिरणार, मग पुन्हा कापड. सात वर्षांत १८,००० किमी. विकायला निघाली की सगळे तुटून पडतात.

अशी गाडी चांगली असू शकते, पण उभी गाडीही म्हातारी होतेच. ऑइल न चालवताही खराब होतं, म्हणूनच कंपनी "१०,००० किमी किंवा एक वर्ष" असं सांगते. रबरी सील, पाइप, वायपर सुकतात. टायर एकाच जागी दबून राहतात आणि त्यांचं रबर कडक होतं. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. बोनेटमध्ये उंदीर वायरी कुरतडतात. त्यात समुद्राकाठची खारी हवा आणि कोकणचा पाऊस, म्हणजे खालून गंज.

अशी गाडी घ्यायची तर ती खालून बघा. दर वर्षी सर्व्हिस झाली होती का ते बघा, भले वर्षात दोनच हजार किमी चालली असेल. टायर, बॅटरी, सगळी तेलं, कूलंट आणि बेल्ट लगेच बदलावे लागतील असं धरूनच भाव करा. कमी रनिंगचे जास्त पैसे द्यायचे आणि वर हा खर्चही करायचा, असा दुहेरी मार बसू देऊ नका.

मीटर मागे घेतलाय का?

पूर्वी काट्याचे मीटर उघडून आकडे फिरवायचे. आता डिजिटल मीटर आले, म्हणून लोकांना वाटतं की आता फसवणूक होत नाही. उलट काम सोपं झालं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला मशीन लावून किंवा मीटर काढून आकडा बदलता येतो आणि डॅशबोर्डवर त्याची खूण राहत नाही. म्हणून आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी बाकीचे साक्षीदार तपासा.

पहिला साक्षीदार सर्व्हिसची नोंद. गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल तर प्रत्येक वेळी तारीख आणि किलोमीटर संगणकात नोंदवले जातात. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्याकडून मागवून तो पूर्ण इतिहास बघा. मीटर आज ४२,००० दाखवतो आणि दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला ७१,००० लिहिलेले असतील, तर विषय तिथेच संपला. दोन वर्षांपूर्वी नोंदी अचानक बंद झाल्या असतील तर तेही खटकायला हवं. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम झालं असेल तर बिलं मागा. बोनेटखाली किंवा दरवाज्याच्या कडेला "पुढचं ऑइल इतक्या किलोमीटरला" असा स्टिकर राहून गेलेला असतो, तोही शोधा.

दुसरा साक्षीदार टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी २०१९ ची, मीटर २५,००० चा आणि चारही टायर अलीकडचे असतील, तर विचारा की २५,००० मध्ये पहिले टायर कसे संपले? टायर जुने होऊन बदलले असतील तर ते उत्तर पटण्यासारखं आहे, पण मग त्याचं बिल आणि तारीख जुळायला हवी. स्टेपनीची तारीखही बघा. जाता जाता हेही लक्षात ठेवा की कारच्या टायरची खाच किमान १.६ मिमी असणं नियमाने आवश्यक आहे.

तिसरा साक्षीदार माणसाचा हात-पाय. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं वरचं आवरण, गिअरची मूठ, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, काच खाली करण्याची बटणं. तीस हजारांत पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. उलट जुन्या गाडीत पेडलचं रबर आणि स्टिअरिंग कव्हर एकदम कोरं असेल, तर ते का बदललं हा प्रश्न आहेच.

चौथा साक्षीदार स्कॅनर. चांगल्या मिस्त्रीकडे गाडीला लावायचं स्कॅनर असतं. काही गाड्यांत मीटरशिवाय दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही किलोमीटर साठवलेले असतात. मीटरचा आकडा बदलला तरी तिथला राहून जातो.

या चारपैकी एकच गोष्ट जुळत नसेल तर तिचं कारण असू शकतं. दोन-तीन जुळत नसतील तर गाडी कितीही आवडली तरी सोडून द्या. ज्याने मीटरबाबत खोटं सांगितलं, त्याने अपघाताबाबत खरं सांगितलं असेल असं कशावरून?

या गाड्यांपासून सावध

टॅक्सीची गाडी: दिवसाला २०० किमी आणि महिन्याला २५ दिवस धरले तरी टॅक्सी वर्षाला ६०,००० किमी चालते. चार वर्षांत २,४०,०००. अशी गाडी खासगीत बदलून, पांढरी पाटी लावून विकली जाते. हे कायदेशीर आहे, लपवणं मात्र फसवणूक आहे. आरसीचा इतिहास आरटीओतून बघा आणि विम्याच्या जुन्या पॉलिसीवर गाडी कोणत्या वर्गात होती ते वाचा.

पुरातली गाडी: ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. अशा वेळी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरात विकायला येतात. मीटर अगदी कमी आणि खरा असतो, पण वायरिंग आतून कुजत असते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मातीचा डाग दिसतो. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, कार्पेटखाली कुबट वास येतो का, हे बघा.

दिल्ली पासिंगची गाडी: दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिथल्या गाड्या स्वस्तात आपल्याकडे येऊ लागल्या. किंमत बघून मोह होतो. पण दुसऱ्या राज्याची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवी नोंदणी हे सगळं मिळवल्यावर गाडी खरंच स्वस्त पडते का, हा हिशोब आधी मांडा. एजंट "नंतर होऊन जाईल" म्हणतो, ते "नंतर" तुमच्या डोक्यावर असतं.

दोन गाड्यांचा हिशोब

समजा तुमच्यासमोर एकाच किमतीत दोन पेट्रोल गाड्या आहेत. पहिली आठ वर्षांची, ३४,००० किमी, तिसरा मालक, सर्व्हिसच्या नोंदी नाहीत. दुसरी सहा वर्षांची, ७८,००० किमी, पहिलाच मालक, सगळी बिलं फाइलमध्ये. कोणती घ्याल?

पहिली वर्षाला सरासरी ४,२५० किमी चालली, तीन मालकांच्या हातात. तीन मालकांनी मिळून एवढंच चालवलं, हेच पटायला जड. दुसरी वर्षाला १३,००० किमी, म्हणजे अगदी नेहमीच्या वापराची.

आता पुढचं बघा. तुमच्या घरचा वापर वर्षाला ८,००० किमी आहे असं धरू. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पहिलीची सात वर्षं उरली, तेव्हा मीटर ९०,००० वर असेल. दुसरीची नऊ वर्षं उरली, तेव्हा मीटर दीड लाखावर असेल. चांगल्या ठेवलेल्या पेट्रोल इंजिनाला दीड लाख जड नाहीत. म्हणजे कमी फिरणाऱ्या कुटुंबासाठी किलोमीटर संपायच्या आधी गाडीचं वय संपतं. दुसरी गाडी तुम्हाला दोन वर्षं जास्त देते, तिचा इतिहासही तुमच्या हातात आहे.

१५ वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. पण तो खर्च आणि धावपळ आहेच. म्हणून वर्षाला ६-८ हजारच चालवणाऱ्यांनी मीटरपेक्षा गाडीचं वय आणि देखभाल यांना जास्त महत्त्व द्यावं. वर्षाला २०,००० च्या पुढे चालवणाऱ्याने मात्र कमी किलोमीटरची गाडी शोधावी, कारण त्याचे किलोमीटर आधी संपतात.

चालवून बघताना

मालकाला आधीच सांगा की गाडी तुम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर सकाळची खोड लपवायला ती आधीच सुरू केली असेल. थंड इंजिन एका दमात सुरू व्हायला हवं. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर हेडचं काम असू शकतं. ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघा. दुधाच्या चहासारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शंका घ्या आणि मिस्त्रीला दाखवा.

चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोरात अ‍ॅक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल तर क्लच गेला. एसी लावून अर्धा तास चालवा आणि तापमानाचा काटा बघत राहा. खड्ड्यातून हळू न्या आणि खालून येणारा आवाज ऐका, त्या वेळी गाणी बंद ठेवा. शेवटी गाडी तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे न्या, विकणाऱ्याच्या नव्हे. त्याला त्याची मजुरी द्या. तीन लाखांच्या सौद्यात हा खर्च किरकोळ आहे.

पैसे देण्याआधी कागद

बयाणा देण्याआधी वाहन पोर्टल किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचा क्रमांक, नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी बघा. ई-चलान थकलेत का तेही तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८.

विमा तुमच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवा. तोपर्यंत समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण चालू राहतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळताना अडचण होते. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही.

पैसे बँकेतून द्या. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही. शिवाय उद्या वाद झाला तर बँकेची नोंद हाच तुमचा पुरावा.

आणि ज्यासाठी हा लेख लिहिला ती गोष्ट: विक्रीच्या करारात त्या दिवशीचा मीटरचा आकडा लिहून घ्या. "मीटर ६२,४०० किमी, त्यात कोणताही बदल केलेला नाही, गाडीचा मोठा अपघात झालेला नाही" असं एक वाक्य आणि खाली विकणाऱ्याची सही. ताब्याची तारीख आणि वेळही लिहा. सरळ माणूस लगेच सही करतो. जो "भाई, आपल्यात कागद कशाला, भरोसा नाही का" म्हणतो, त्याच्याबद्दल थोडा विचार करा. पुढे मीटर मागे घेतल्याचं सिद्ध झालं, तर हाच कागद डीलरविरुद्ध ग्राहक आयोगात आणि फसवणुकीच्या तक्रारीसाठी पोलिसात कामाला येतो.

हा नियम दोन्ही बाजूंनी लागू आहे. उद्या आपण आपली गाडी विकू, तेव्हा तिचा ऐब सांगूनच विकायचा. क्लच संपत आला असेल तर सांगा, ठोकलेली असेल तर दाखवा. भाव पाच-दहा हजार कमी येईल. पण घेणाऱ्याच्या घरातही कोणीतरी ते पैसे असेच वर्षानुवर्षं जमवलेले असतात.